ऐनातलं पातं

कामठा नंतर, नवश्या.
आधी खोकायला शीक.

पाणवठ्याची घळ उतरताना तीनदा खोकायचं,
बिडी ओढणाऱ्यासारखं, छातीतून,
म्हणजे करवंदीच्या जाळीमागे जो कुणी दबून बसलाय
त्याला कळतं, येतंय ते दोन पायांचं आहे.
हसू नकोस.
तुझा बाप हसला नव्हता.

भातं झोडून झाली, उडव्या रचल्या,
की आमची पारध लागायची.
केळशीच्या खाडीकडून तिन्हीसांजेला वारा चढतो,
त्याच्यासोबत सुकटीचा वास थेट सड्यापर्यंत.
मध्यरात्री तोच वारा फिरतो,
डोंगरावरून खाली, गार, पाय न वाजवता.
तो फिरला की तुझा घाम
तुझ्या आधी डुकरापाशी पोचतो.
एवढं एक ध्यानात ठेवलंस तरी
माझी अर्धी विद्या तुला मिळाली.

उरलेली अर्धी सांगतो.
अवसेची रात्र होती.
मी खालच्या दगडाआड, बेंडू वरच्या अंगाला.
चिव्याचा कामठा त्यानंच तासलेला,
माझ्या हाताच्या मापाचा.
ठरलेलं होतं : जागा सोडायची तर शीळ घालायची,
पाकोळीसारखी, बारीक.
वारा फिरला.
बेंडू उठला.
शीळ घातली तर जनावर जाईल, म्हणून घातली नाही.

मला पाचोळा ऐकू आला.
नंतर जाळी हलली.
नंतर मी डुक्कर बघितलं.
पाठीवरचे राठ केस बघितले,
सुळे बघितले रे, दोन्ही, आईशपथ,
त्या काळ्याकुट्ट अंधारात, जिथे माझाच हात मला दिसत नव्हता.
कान जे मागतो ते डोळा आणून देतो.
दोरी कानापर्यंत आली
आणि सुटली.

मांसाचा आवाज वेगळा असतो.
हा लाकडाचा होता.

मग कुणीतरी खोकलं.

बेंडू खाली बसला. काडी ओढली, विझली.
दुसरी विझली. तिसरीच्या उजेडात
त्याच्या कानाशेजारी ऐनाच्या सालीत तीर उभा,
शेपटाकडून अजून थरथरणारा.
तो म्हणाला, "वारा फिरला रे."
एवढंच.
सकाळी आम्ही नाचणीची भाकर खाल्ली,
लसणीच्या चटणीशी,
आणि घरी सांगितलं, काही मिळालं नाही.

तुझा बाप गेला तो तापानं, दवाखान्यात, खाटेवर.
बायका रडत होत्या, ऐन उमेदीत गेला म्हणून.
मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो
आणि आत कुठेतरी, सांगू नये पण सांगतो,
बरं वाटत होतं.
खाटेवर गेला.

आता कामठा आढ्याला आहे.
फॉरेस्टवाल्यांनी बंदी केली, आम्हीही थकलो.
उंदीर दोरी कुरतडतात, मी हाकलत नाही.
पण तू उद्यापासून काजूच्या बागेत राखणीला जाणार, रात्रीचा,
तेव्हा ऐक :
कुंपणाला वाकून हात लावू नकोस,
काही जण तारेत करंट सोडतात डुकरासाठी.
वाटेत पिठाचा गोळा दिसला तर लाथ मारू नकोस.
आपल्या चांदणीनं तोंडात धरला होता,
जबडा उरला नाही तिला. आत दारू भरलेली असते.
बॅटरी जमिनीवर मार, झाडात नको.
पांढरा सदरा घाल. मळू दे.

आणि हा बघ, हाच ऐन.
सालीनं पातं गिळलं,
गाठ राहिली, म्हातारीच्या गुडघ्यासारखी.
दरवर्षी थोडी मोठी वाटते. हात लाव.
गार आहे ना?
माझा हातही तिथेच जातो, न बघता.
ह्या गाठीचं तुझ्या आईला माहीत नाही.

चल, अंधार पडला.
तू पुढे हो, मी मागून येतो.
नवश्या,
खोक.